घराखाली वाकून बघणाऱ्या वानखेडे मॅडम

वानखेडे मॅडम कुणाच्याही घरात एकदम शिरत नसत. दाराशी थांबायच्या, चपला काढायच्या आणि नाकानं तीन छोटे श्वास घ्यायच्या. हुं, हुं, हुं. मांजर नव्या घरात आल्यावर करतं तसं. "या ना, बसा ना" म्हणणाऱ्यानं तोवर तसंच ताटकळायचं. मग त्या आत यायच्या, नाहीतर तिथूनच विचारायच्या, "तुमच्याकडे ओल्या छत्र्या कुठे ठेवतात?"

आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा तीन श्वास झाले आणि त्यांनी मानसीताईंना सोडून माझ्याकडे बघितलं. "इंगळेबाई तुम्हीच ना? घराखाली कुठून जातात?"

सिंगापुरात मला कुणी आडनावानं हाक मारत नाही. मानसीताई मावशी म्हणतात, सर मावशी म्हणतात, त्यांची नऊ वर्षांची ओवी 'मौशी' म्हणते. आडनावानं माणसाला बोलावतात कुठे? शाळेच्या हजेरीत, नाहीतर पोलीस चौकीत. माझी शाळा आठवीलाच सुटली. म्हणजे राहिली चौकी.

आणि मला भ्यायला कारण होतं.

मी मेहकरकडची. तेव्हा चार वर्षांपासून ताईंच्या घरी स्वयंपाक आणि घरकाम करत होते. ताई आणि सर दोघं पुण्याचे. सर रॅफल्स प्लेसला एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघतात, ताई घरूनच काम करतात. इथली आपली माणसं बहुतेक फ्लॅटमध्ये नाहीतर कॉन्डोत, म्हणजे तलाव-बिलाव असलेल्या बंद सोसायटीत राहतात, पण ताईंना बाग हवी होती, म्हणून त्यांनी बुओना व्हिस्टाहून आत हे जुनं बैठं घर भाड्यानं घेतलं. विटांच्या ठेंगण्या खांबांवर उभं, खाली सगळी लाकडी फळ्यांची जमीन. त्या फळ्या आणि माती यांच्यामध्ये माझ्या कमरेइतकी पोकळी. पोकळीला चारी बाजूंनी लाकडी जाळी, आणि जाळीवर आधीच्या कुणा भाडेकरूनं प्लायवूड ठोकलेलं. आत काळोख. चार वर्षं मी त्या काळोखावर रोज पोळ्या लाटत होते, पण तिथे डोकावले म्हणून नव्हते.

त्या वर्षी घराला वास यायला लागला. भिजलेलं पोतं कोपऱ्यात विसरावं तसा. कपाटं पुढे ओढली तर पाठीमागे पांढरी लव. ओवीचे शाळेचे बूट दोन दिवस पडून राहिले की हिरवे व्हायचे. आणि ओवीला खोकला. दिवसभर खोकायची पोर. डॉक्टरांनी ताईंना सांगितलं, घरात बुरशी कुठे आहे ते आधी शोधा.

ताईंना शोधायला लांब जावं लागलं नाही. मी आल्या आल्या पहिल्याच महिन्यात एक चूक केली होती. आमच्याकडे जमीन पुसायची म्हणजे आधी बादलीभर पाणी फेकायचं, खराट्यानं ओढायचं आणि मग पुसायचं. शहाबादी फरशीवर आयुष्य गेलेलं. मी तसंच दोन बादल्या पाणी या फळ्यांवर ओतलं आणि ते बघता बघता फटींतून गायब झालं. मला तर कौतुकच वाटलं, काय छान निचरा आहे म्हणून! सर ओरडले तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी पिळून पिळून, कोरडा म्हणावा असाच पोछा फिरवते. पण एकदा बघितलेलं लोक विसरत नाहीत.

"मावशी, तुम्ही अजून पाणी ओतता का हो?" ताई विचारायच्या.

"नाही ताई."

"नाही ना?"

दुसऱ्या 'नाही ना' नंतर माणूस स्वतःच्या हाताकडे बघायला लागतो. शेवटी एका सकाळी ताई म्हणाल्या, "महिन्याभरात हे थांबलं नाही तर आपल्याला काहीतरी विचार करावा लागेल, मावशी." त्या काही वाईट नाहीत. आवाज मऊच होता. पण इथे काम करायचं माझं परमिट त्यांच्या नावावर. त्यांनी नको म्हटलं की मी विमानात. तिकडे माझी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यानंतर ताई फोनवर इंग्रजी बोलायला लागल्या की मी गॅस बारीक करून कान लावायचे. कळायचं काही नाही, पण 'मावशी' शब्द आला की ओळखू यायचा.

अशा दिवसांत वानखेडे मॅडम आल्या. शेजारच्या तसल्याच घराच्या मागच्या अर्ध्या भागात त्या एकट्या राहायच्या. नागपूरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, जवळच्या वन-नॉर्थ भागात बॅटऱ्यांवर संशोधन करायच्या आणि चालत कामाला जायच्या. सरांनी त्यांना सहज म्हटलं होतं की तुमचं घर कोरडं कसं, जरा बघा ना आमच्याकडे. मला वाटलं, झालं. माझ्यावर शिक्का मारायला शिकलेलं माणूस आणलं.

त्या गमबूट घालून आल्या होत्या. केसांवर अंघोळीची प्लास्टिकची टोपी, कपाळावर रुंद इलॅस्टिकनं बांधलेली टॉर्च. मागच्या बाजूचं एक प्लायवूड सरांनी काढून दिलं आणि मॅडम गुडघ्यांवर आत गेल्या. मला म्हणाल्या, "बाहेर थांबा, मी मागेन ते द्या." आतून आवाज यायचा.

"माती ओली आहे."

"मग मातीमुळेच का?" सरांनी विचारलं.

"माती इथे ओलीच असते. संशय ठेवू. आरोप नको."

सर म्हणाले, "मी मागच्या महिन्यात डोकावलो होतो, तेव्हा तर कोरडं वाटलं."

"काल बघितलेलं काल गेलं," आतून उत्तर आलं. हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं. दुधाबद्दल, हवामानाच्या अंदाजाबद्दल, माणसांच्या तब्येतीबद्दलसुद्धा.

बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि माझ्याच समोर लिहायला लागल्या. मराठीत. म्हणून मला वाचता आलं. एक, माती. दोन, छपराच्या पन्हळीचं पाणी. तीन, नळ. चार, एसी. पाच, इंगळेबाईंची बादली. त्यापुढे पान उलटलं.

माझं नाव वहीत गेलं. चार वर्षं मी कुणाच्या चमच्यालाही न विचारता हात लावला नाही, आणि आता माझी बादली माती-नळांच्या रांगेत लिहिलेली. त्या दिवशी मी वरणात मीठ दोनदा घातलं.

मॅडमचा पहिला सल्ला साधा होता. "माझ्या घराखाली सगळं उघडं आहे आणि खडखडीत आहे. हे प्लायवूड काढून टाका. हवा खेळू द्या." सगळ्यांना पटलं. आपल्या लोकांच्या डोक्यात हेच असतं. ओल आली की खिडक्या उघडा, गाद्या उन्हात टाका, वारा लागू द्या. सरांनी रविवारी चारी बाजूंचं प्लायवूड उचकटलं. वारा खरंच आरपार वाहायला लागला. मी मनातल्या मनात हात जोडले.

दोन आठवड्यांत वास दुप्पट झाला, ओवीचा खोकलाही वाढला. ताई स्वतः मोबाइलचा उजेड पाडून जाळीतून बघायला गेल्या आणि परत आल्या त्या पांढऱ्याफटक होऊन. "फळ्यांच्या खालच्या बाजूला थेंब लटकलेत मावशी. थेंब! वरून पाणी गेल्याशिवाय खाली थेंब कुठून येणार?"

मलाही ते खरंच वाटलं. रात्रीतून उठून मी झोपेत तर पाणी ओतत नाही ना, इथपर्यंत माझी मजल गेली. महिन्यातले दोन आठवडे उरले होते.

मॅडम पुन्हा आल्या. या वेळी हातात पोळ्या गुंडाळायच्या फॉइलची गुंडाळी आणि चिकटपट्टी. खाली शिरून त्यांनी फळ्यांना खालून फॉइलचे वहीच्या पानाएवढे तुकडे चिकटवले, चारी कडा घट्ट बंद करून. चिकटपट्टी कापून द्यायला मी बाहेर बसलेली.

"पाणी वरून झिरपत असेल तर फॉइलच्या आत, लाकडाच्या बाजूला ओलं होईल," त्या आतून सांगत होत्या. "हवेतून येत असेल तर बाहेरच्या बाजूला. कळलं का, इंगळेबाई?"

"कळलं."

"काय कळलं?"

सांगितल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मी सांगितलं. मग त्यांनी पुढचं काम सांगितलं. "उद्या सकाळी जेवणघरात आधी ओतायच्या तशा दोन बादल्या ओता. भरपूर. मला बघायचंय."

सापळा! मला दुसरं काही सुचलंच नाही. मी ओतणार, ह्या खालून ओलं दाखवणार, ताईंना बोलावणार, "बघा, हीच ती." मी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा नळाखाली भिजवून पिळलेला पोछा मारला आणि मॅडमना सांगितलं, "ओतलं."

त्या खाली गेल्या. नुसता टॉर्चचा उजेड इकडून तिकडे फिरताना दिसायचा. मग बाहेर आल्या, तडक मोरीत गेल्या, बादलीत हात घातला, पोछ्याला नाक लावलं.

"दोन बादल्या ओतल्या?"

"हो."

"आणि बादली आतून कोरडी? काहून फसवता वो बाई मला?"

हे आमच्याकडचं वऱ्हाडी 'काहून' इतक्या दिवसांत पहिल्यांदा कानावर आलं आणि माझा बांध फुटला. मी रडत सांगितलं की मॅडम, तुमच्या वहीत माझं नाव आहे. मी पाणी ओतलं असतं तर तुम्हीच मला घरी पाठवलं असतं.

मॅडम मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या. कोपराला माती, टोपी कलंडलेली. "म्हणजे तुम्ही माझ्यावर संशय घेतलात," त्या म्हणाल्या. "घ्या. घ्यायलाच पाहिजे, मी कोण लागते तुमची? पण मग तोंडावर म्हणायचं ना, की मॅडम, मला तुमचा भरवसा नाही. मी तिकडे पाठीवर झोपून फॉइल बघत बसले, पाल अंगावर पडली माझ्या."

मला रडता रडता हसू आलं. त्याही हसल्या, पण लगेच बोट दाखवून म्हणाल्या, "उद्या दोन बादल्या. मी समोर उभी राहीन."

दुसऱ्या दिवशी ओतल्या. दोन्ही, काठोकाठ भरून.

त्यानंतरच्या शनिवारी मॅडमनी सर, ताई आणि मला जेवणाच्या टेबलाशी बोलावलं. ओवी आपणहून येऊन बसली. मॅडम मला म्हणाल्या, "इंगळेबाई, एक ग्लास बर्फाचं पाणी द्या आणि इथे बसा." मी ग्लास ठेवला आणि उभी राहिले. "बसा म्हटलं," त्या म्हणाल्या. त्या टेबलाशी मी चार वर्षांत पहिल्यांदा बसले.

मॅडमनी ग्लासकडे बोट दाखवलं. सगळे ग्लासकडे बघत राहिले. हळूहळू ग्लासाला बाहेरून घाम आला, ओघळ टेबलावर उतरला.

"ग्लास गळका आहे का?" मॅडमनी विचारलं.

"नाही लाह," ओवी म्हणाली; इथली पोरं वाक्याला 'लाह' लावतात. "इट्स द एअर, आंटी. सायन्समध्ये आहे."

"ह्या पोरीला कळलं ते मला दोन आठवडे कळलं नाही," मॅडम म्हणाल्या. "सर, तुमच्या कामाच्या खोलीत एसी कितीवर असतो?"

सर जरा सावरून बसले. "अठरा. मशीन असतात ना तिथे. दिवसभर चालू ठेवतो."

"त्या खोलीची जमीन कोण पुसतं?"

"कुणीच नाही," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "जमिनीवर वायरी आहेत, म्हणून हा मावशींना आतच जाऊ देत नाही."

"सगळ्यांत जास्त थेंब त्याच खोलीच्या खाली आहेत. फॉइल आतून कोरडी, बाहेरून चिंब." मॅडमनी ग्लास सरांच्या पुढे सरकवला. "तुमची जमीन म्हणजे हा ग्लास. वरून थंडगार. खालून बाहेरची दमट हवा येऊन तिला लागते आणि पाणी होतं. माझ्याकडे एसी नाही, नुसता पंखा, म्हणून मला उघडं ठेवलेलं चालतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नागपूरचं डोकं घेऊन मी खाली गेले आणि तुम्हाला प्लायवूड काढायला लावलं. मुलीचा खोकला वाढला तो माझ्यामुळे. चूक माझी."

मॅडमनी वही काढून उलटलेलं पान उघडलं आणि टेबलावर ठेवली. पाचाच्या पुढे सहा नंबर होता. तिथे लिहिलं होतं, 'मी दिलेला सल्ला.' त्यांनी तो पहिल्याच दिवशी लिहिला होता, सल्ला द्यायच्या आधी.

"आणि मावशींची बादली?" ताईंनी विचारलं.

वाटलं, आता म्हणतील, काही संबंध नाही.

"दोन बादल्या ओतल्या की जेवणघराखाली हातभर डाग येतो. संध्याकाळी वाळून जातो," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे चार वर्षांपूर्वी त्यांनी पाणी ओतलं, ते चुकलंच. पण त्यांना घरी पाठवलं असतं तर थेंब तसेच राहिले असते."

खोटी माफी त्यांनी मला दिली नाही. म्हणूनच ताईंचा विश्वास बसला, असं मला वाटतं.

सर मात्र कुरकुरत होते. "मॅडम, मला अठराशिवाय सुचत नाही हो."

"मग खाली अळंबीची शेती करा. भाव चांगला आहे."

"ट्वेंटी-फाइव्ह लाह, डॅडी," ओवी म्हणाली. "नॉट गोइंग टू डाय."

पंचवीसवर तडजोड झाली. मग चार शनिवार काम चाललं. सगळ्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरलं, एकावर एक हातभर चढवून, खांबांवर वीतभर वर नेऊन चिकटवलं. पन्हळीचं पाणी खांबाशी पडत होतं, ते नळी लावून लांब सोडलं. प्लायवूड पुन्हा नीट ठोकलं, फटी बुजवल्या, आणि आत हवेतली ओल ओढून घेणारं एक मशीन बसवलं, त्याचं पाणी बाहेर निघेल असं. दर रविवारी सकाळी खाली जाऊन बघायचं काम मॅडमनी मला दिलं. "सरांना देऊ नका. ते डोकावतात. तुम्ही हात लावून बघता." ताईंनी कधी 'चुकलं' म्हटलं नाही. शेवटच्या शनिवारी चहा मात्र त्यांनी केला, आणि माझा कप आधी भरला. ओवीचा खोकला कमी होत होत एक दिवस ऐकू येईनासा झाला. महिना उलटून गेला होता. कुणी मोजलाच नव्हता. माझ्याशिवाय.

माझ्या सुट्टीच्या एका रविवारी मॅडम मला जुरोंग ईस्टला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छोट्या खाणावळींच्या मंडईत घेऊन गेल्या. तिथे लोक जागा धरायला टेबलावर टिश्यूची पुडी ठेवून जेवण आणायला जातात. एक टेबल रिकामं होतं, वर पुडी. दुसरं कुणीही पुढे गेलं असतं. मॅडम थांबल्या. "ही ठेवलेली आहे की विसरलेली?" आणि ताट हातात घेऊन आम्ही दोघी त्या पुडीवर पहारा देत उभ्या. शेजारचे चिनी काका वैतागले, "टेकन लाह, आंटी! टिश्यू देअर, टेकन!" मॅडमनी त्यांना विचारलं, "यू सॉ दे पुट?" काकांनी हात जोडले. दहा मिनिटं कुणी आलं नाही. मग पुडी काकांच्या हवाली करून आम्ही बसलो, आणि मॅडमनी आपला चमचा पुसून घेतला, माझाही पुसला.

तेव्हा मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही मला आडनावानं का बोलावता? मी लई घाबरले होते पहिल्या दिवशी."

"माझ्या आजीला गावात सगळे 'ए' म्हणायचे," त्या म्हणाल्या. "नाव माहीत असून. विहिरीचं पाणी जरा गढूळ झालं की सगळे तिच्याकडे बघायचे, ही इकडून गेली का म्हणून. विहिरीत वाकून कुणी बघायचं नाही." मग म्हणाल्या, "तो भात खा, गार होतोय." पुन्हा तो विषय कधी निघाला नाही.

ह्या वर्षी त्यांचं इथलं काम संपलं. नागपूरलाच एका कॉलेजात शिकवायला बोलावलं होतं. निघायच्या सकाळी टॅक्सी आमच्या फाटकापाशी थांबवून त्या उतरल्या. नवे बूट, हातात पासपोर्टचं पाकीट. दाराशी आल्या. तीन श्वास. हुं, हुं, हुं. ताईंना, ओवीला भेटल्या. मग माझ्यासोबत पायऱ्या उतरून जाळीपाशी आल्या. मला वाटलं, आता ह्या नव्या कपड्यांनिशी गुडघे टेकणार. मी टॉर्च आणायला वळले सुद्धा.

"खाली कसं आहे, इंगळेबाई?" त्यांनी विचारलं.

"कोरडं आहे मॅडम."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि टॅक्सीकडे चालायला लागल्या. वाकल्या नाहीत.

टॅक्सी निघाली आणि गल्लीच्या टोकाशी थांबली. उतरणार, मी म्हटलं. परत येऊन बघणार. पण समोरून कचऱ्याची गाडी येत होती, तिला वाट देऊन टॅक्सी वळली. मागच्या काचेतून त्या पुढे वाकून ड्रायव्हरला काहीतरी विचारताना दिसल्या. बहुतेक एसी कितीवर आहे ते.

फाटक लावताना मला एकदम आठवलं. मी खाली शेवटची गेले होते ती रविवारी. आज बुधवार. मी टॉर्च घेतली, पदर खोचला आणि आत शिरले. सरांच्या खोलीखाली जाऊन फळीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ ठेवला. मग तीन श्वास घेतले.

कोरडं होतं.